घडणावळ वजा जाता

चोरांच्या भयाने माणूस आपले दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझा अनुभव थोडा निराळा आहे. मी जे तेथे ठेविले होते ते चोरांपासून नव्हे, तर माझ्यापासून दूर राहावे म्हणून ठेविले होते; आणि सहा वर्षे ते तसे राहिलेही. वर्षाचे भाडे खात्यातून आपोआप वजा होई, किल्ली कपाटाच्या चोरकप्प्यात पडून असे, आणि आपण एक प्रश्न सोडविलेला नसून केवळ कुलपात घातला आहे, याची आठवण करून देणारे कोणी नव्हते.

ते काम शेवटी रिझर्व्ह बँकेने केले. तिच्या नव्या नियमांप्रमाणे सर्व बँकांना लॉकरचे करारनामे नव्याने करून घ्यावयाचे होते, आणि त्याची मुदत २०२३ सालच्या अखेरीस संपत होती. बँकेकडून दोनदा पत्र आले, तिसऱ्या खेपेस फोन आला. सही करावयास गेले, तेव्हा तेथील तरुण कारकून मोठ्या सौजन्याने म्हणाला, "मॅडम, आल्याच आहात तर एकदा उघडून पाहा. सगळं ठीक आहे ना, ते." सगळे ठीक आहे की नाही हे पाहण्याचे धैर्य नव्हते म्हणूनच तर मी इतकी वर्षे फिरकले नव्हते, पण हे त्याला कसे सांगावे? मी लॉकर उघडला.

आत सराफाच्या गुलाबी कागदाच्या तीन पुड्या होत्या. एकीत मंगळसूत्र, दुसरीत पाटल्यांची जोडी, तिसरीत मोत्यांच्या कुड्या. माहेरचे दागिने मी केव्हाच घरी आणले होते. हे तीन मात्र लग्नामुळे माझ्याकडे आलेले. ते लग्न २००६ साली झाले आणि २०१७ साली कुटुंब न्यायालयात परस्परसंमतीने संपले. परस्परांचे परस्परांकडे आता काहीही येणे राहिलेले नाही, अशा अर्थाचे एक वाक्य आमच्या समझोत्याच्या कागदात आहे. मूलबाळ नव्हते, मोठे भांडणही कधी झाले नव्हते. दोन बऱ्या माणसांचे पटले नाही, एवढीच ती कथा. अशा कथेत खलपुरुष नसल्यामुळे ऐकणाऱ्याची फार निराशा होते, आणि सांगणारीचीही थोडीशी होते.

आपल्या भाषेत नाती जोडणाऱ्या शब्दांची रेलचेल आहे. पण नाते तुटल्यावर त्या माणसाला काय म्हणावे, याची सोय तिने केलेली नाही. 'माझे पूर्वीचे यजमान' म्हणावे तर घर बदलल्यासारखे वाटते, आणि 'घटस्फोटित पती' हा शब्द वकिलाच्या टेबलावरून उठून आल्यासारखा. जुना शब्द होता तो काडीमोड. काडी मोडली की संबंध संपला. त्या शब्दात एक शहाणपण आहे असे मला वाटते, कारण काडीला वजन नसते, भाव नसतो, आणि ती मोडल्यावर तिचे काय करावयाचे हा प्रश्न कोणाला पडत नाही. सोन्याचे तसे नाही. तेही मोडता येते. परंतु मोडल्यावरही ते जितके होते जवळजवळ तितकेच उरते.

पुड्या घरी आणल्या आणि सल्ले येऊ लागले. थोरल्या बंधूंनी भाव सांगितला. तेव्हा दहा ग्रॅमला साठ हजारांच्या आसपास होता. ते म्हणाले, "भावनेला बाजूला ठेव आणि मोडून टाक." मावशी म्हणाली, "दुसऱ्याचं सोनं घरात ठेवू नये गं, ते सुख लागू देत नाही. परत करून मोकळी हो." कॉलेजातील मैत्रिणीचे मत पडले की विकून आलेल्या पैशांत एक लांबचा प्रवास करावा; इतक्या वर्षांची तेवढी भरपाई तरी व्हावी. भाची एकोणीस वर्षांची, तिने कुड्या स्वतःच्या कानांपाशी धरून आरशात पाहिले आणि म्हणाली, "आत्या, किती छान आहेत! घाल की." चौघांचेही सल्ले मनापासून होते, आणि चौघांनीही एकच चूक केली होती. ती सर्व जण 'ते दागिने' असे एकवचनी मनाने बोलत होती. जणू तिन्ही पुड्यांत एकच वस्तू होती आणि ती एकाच माणसाने दिली होती.

मी संस्कृत शिकविते. त्यामुळे अडचण आली की माझा हात प्रथम पुस्तकाकडे जातो. स्त्रीधन या विषयावर आपल्या शास्त्रकारांनी काही थोडे लिहिलेले नाही. मनूने त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. विवाहाग्नीसमोर दिलेले, सासरी निघताना दिलेले, प्रेमाने दिलेले, आणि आई, बाप व भाऊ यांच्याकडून मिळालेले. दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या चार प्रसंगी नवऱ्याने ते वापरले तर परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्य म्हणतो; म्हणजे एरवी ते आहे. आजचा कायदा याहून स्वच्छ आहे. १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, स्त्रीधन ही पत्नीची संपूर्ण मालकीची वस्तू असून ती सासरच्या घरात आली एवढ्याने दोघांच्या सामाईक मालकीची होत नाही.

हे वाचून मला बरे वाटले आणि काही उपयोग झाला नाही. वस्तू कोणाची, हा प्रश्न शास्त्राने आणि कायद्याने सोडविला होता. परंतु तो मला पडलाच नव्हता. माझ्याकडून ते दागिने कोणीही मागितले नव्हते. माझा प्रश्न असा होता की, ज्या नात्याने ते माझ्या अंगावर आले ते नाते आता नाही. मग ते दिले गेले हे खरे होते की नव्हते? मात्र मनूच्या वर्गवारीतून एक गोष्ट शिकावयास मिळाली. त्याने ढीग केला नव्हता. कोणी दिले आणि कोणत्या वेळी दिले, हे पाहून त्याने एकेक वस्तू वेगळी धरली होती. मीही तसेच करावयाचे ठरविले आणि तिन्ही पुड्या घेऊन सोन्या मारुती चौकाजवळच्या आमच्या जुन्या सोनारकाकांकडे गेले.

काकांचे वय सत्तरीपुढचे. दुकानात आता सोन्याचा कस सांगणारे यंत्र आले आहे. पण त्याने आकडा सांगण्यापूर्वी ते अजूनही कसोटीच्या काळ्या दगडावर एक रेघ ओढून पाहतात. त्यांनी प्रथम मंगळसूत्र हाती घेतले. पोत तोडून मणी एका वाटीत काढले आणि दोन वाट्या माझ्यासमोर ठेवल्या. आपल्याकडे एक वाटी माहेरची आणि एक सासरची मानतात. मी मनाशी ठरवून आले होते की, सासरची परत करावी आणि माहेरची ठेवावी. हिशेब अगदी चोख. काका म्हणाले, "ताई, यातली माहेरची कोणती?"

मी पाहतच राहिले. लग्नाच्या वेळी दोन्ही वाट्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून दोन्ही घरांनी त्या एकाच दुकानातून घेतल्या होत्या. वजन सारखे, कस सारखा, आणि अकरा वर्षे एकमेकींवर घासून दोघींचीही झीज सारखीच झालेली. यंत्राला फरक सांगता येईना, कसोटीला येईना आणि मला तर येईचना. कायद्याने आम्हा दोघांना वेगळे केले होते. त्या वाट्यांना कोणी करू शकत नव्हते. मी म्हटले, "काका, दोन्ही एकत्र मोडा आणि त्याचे एक साधे वेढणे करून द्या."

त्यांनी हिशेब मांडला. मण्यांचे वजन वजा, डाखाची घट वजा, वितळविताना जाईल ती तूट वजा. मी सहज विचारले, "आणि घडणावळ?" काका हसले. "ताई, घडणावळ कधी परत मिळते का? सोनं परत मिळतं. त्याच्यावर केलेलं काम ज्याच्या अंगावर राहिलं त्याच्या अंगावर जिरलं."

हे वाक्य ते दिवसातून दहा गिऱ्हाइकांना सांगत असतील. पण मी त्या अकरा वर्षांचा हिशेब मनात किती वेळा मांडला होता! पहाटे उठून केलेले डबे, त्यांच्या परीक्षांसाठी जागलेल्या रात्री, सासऱ्यांच्या आजारातील इस्पितळाच्या खेपा. त्यांनीही माझ्यासाठी केलेले काही कमी नव्हते. हे सर्व कोणाकडे येणे आहे, असा माझा मुका दावा होता. समझोत्याच्या कागदाने तो मिटला नव्हता. तो त्या दिवशी दुकानाच्या बाकावर बसल्या बसल्या मिटला. घडणावळ बुडत नाही. ती फक्त परत मिळत नाही. या दोहोंत फरक आहे, आणि तो कळावयास मला सहा वर्षे आणि एक सोनार लागला.

कुड्यांची पुडी काकांनी उघडली आणि लगेच माझ्याकडे सरकविली. "मोत्याला मोड नाही. तारेचं सोनं गुंजभर निघेल. त्यासाठी कशाला तोडता?" मग एक कुडी उजेडात धरून म्हणाले, "पण पेटीत ठेवून पाणी उतरलंय हो यांचं. मोती अंगावर असले तरच चांगले राहतात."

राहिल्या पाटल्या. त्या माझ्या सासूबाईंनी लग्नात स्वतःच्या हातांतल्या काढून माझ्या हातांत घातल्या होत्या. त्यांना त्या त्यांच्या सासूबाईंकडून मिळालेल्या. घराण्याचे जुने, बावनकशी सोने अशी माझी समजूत होती, आणि म्हणूनच तीन पुड्यांत मला तिचाच भार अधिक वाटे. काकांनी दगडावर रेघ ओढली, भुवया उंचावल्या, आणि यंत्राने सांगितलेला आकडा मला दाखविला. शेकडा अठ्ठावन्न.

"चौदा कॅरट," ते म्हणाले. "मोरारजीभाईंच्या वेळच्या आहेत या." १९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम काढले आणि चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली. चीनशी नुकतेच युद्ध झालेले, परकीय चलनाची चणचण, आणि लोकांचा सोन्याचा सोस कमी करावा हा हेतू. सोस काही कमी झाला नाही. सोनार मात्र देशोधडीस लागले. काकांच्या वडिलांनी त्या वर्षांत भट्टी थंड ठेवून दुसऱ्याच्या दुकानात वह्या लिहिल्या. पुढे ते बंधन उठले, आणि त्यानंतरचा १९६८ चा कायदाही १९९० साली रद्द झाला. "हिणकस म्हणून नाक मुरडू नका," काका म्हणाले. "बावीस कॅरटच्या असत्या तर एव्हाना झिजून, वाकून गेल्या असत्या. तांबं-चांदी जास्त आहे म्हणून अशा ताठ राहिल्या आहेत."

पाटल्या मोडावयास मी नेल्या नव्हत्या. केवळ वजन आणि कस जाणून, एका पत्रासह त्या पाठवून द्याव्यात असा बेत होता. पण जिला मी घराण्याचे जुने सोने समजत होते त्याची ही निराळीच कुळकथा ऐकून, ती पुरती कळल्याखेरीज पाटल्या हातावेगळ्या करू नयेत असे वाटले. आणि ती सांगणारे माणूस जगात एकच होते.

सासूबाई साताऱ्यास जुन्या घरात एकट्या राहतात. सासरे वारले, चिरंजीवांनी पुन्हा लग्न केले आणि ते बंगळुरास असतात. मी फोन केला, आणि काय म्हणून हाक मारावी याचा विचार करण्यापूर्वीच तोंडातून "आई" गेले. पलीकडून क्षणभर काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "ये. जेवायलाच ये."

रविवारी स्वारगेटवरून सकाळची एस. टी. धरली. जेवणे झाल्यावर मी पुडी त्यांच्यापुढे ठेवली आणि तयार करून ठेवलेले वाक्य म्हटले. ही घराण्याची वस्तू आहे, माझ्याकडे राहणे बरे नव्हे, तुमच्या नव्या सुनेचा तिच्यावर अधिकार आहे, इत्यादी. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तिला मी माझी मोहनमाळ दिली. हे तिचं नव्हे." मग पाटल्या हातांत घातल्या. मनगटे आता इतकी बारीक झाली आहेत की त्या कोपरापर्यंत घसरल्या. त्यांना हसू आले.

चौदा कॅरटचे विचारताच त्या म्हणाल्या, "मग! माझं लग्न चौसष्ट सालचं." हकीकत अशी. माझ्या आजेसासूबाईंजवळ गोठांची जोडी होती. १९६२ साली चीनने हल्ला केला तेव्हा देशभर स्त्रियांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला अंगावरचे सोने काढून दिले. त्यांनी एक गोठ दिला. जोडी फुटली. एका हातात गोठ आणि एक हात रिकामा, असे नको म्हणून उरलेला पेटीत गेला, आणि दोन वर्षांनी सुनेसाठी त्याच्याच पाटल्या करावयाचे ठरले. अडीच तोळ्यांच्या एका गोठात चांगल्या सोन्याच्या भरीव पाटल्यांची जोडी बसली नसती. पण चौदा कॅरटचीच सक्ती असल्यामुळे हीण मिसळून पावणेचार तोळे भरले आणि जोडी झाली. "सगळे त्या कायद्याला शिव्या देत होते," सासूबाई म्हणाल्या, "आणि आमच्या घरात त्याच्यामुळं माझे दोन्ही हात भरले."

ज्या वस्तूला मी घराण्याची अखंड परंपरा समजून भीत होते, ती मुळात फुटलेल्या जोडीतून निघाली होती, मोडली गेली होती आणि हीण मिसळून पुन्हा उभी राहिली होती. ती देताना कोणी लाजले नव्हते.

मी निघताना त्यांनी एक पाटली स्वतःच्या हातात ठेवली आणि दुसरी माझ्या हातात सरकविली. मी म्हटले, "आई, जोडी फुटेल." त्या म्हणाल्या, "फुटलेलीच होती. मी दिली तेव्हा तू माझी सून म्हणून दिली, हे खरं. पण अण्णा आजारी असताना तू ज्या खेपा घातल्यास त्या कुणाची सून म्हणून घातल्यास, ते मला माहीत आहे. ही राहू दे." मग सवयीने त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या, हळदीकुंकवाची कोयरी उचलली आणि थबकल्या. त्या विधवा, मी घटस्फोटित. रूढीच्या दृष्टीने आम्हा दोघींचाही त्या कोयरीशी संबंध नव्हता. घरात दुसरे कोणी नव्हते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लावणारीलाही अधिकार नाही आणि लावून घेणारीलाही नाही. म्हणजे हिशेब बरोबर झाला." आणि त्यांनी मला कुंकू लावले.

परतीच्या गाडीत कुड्यांचा विचार मनात होता. तीन पुड्यांपैकी तेवढाच दागिना खरोखर त्यांनी स्वतः दिलेला. आमच्या पहिल्या दिवाळीच्या पाडव्याला मी ओवाळले तेव्हा त्यांनी तबकात ठेवलेल्या. पगारातून तीन महिने बाजूला काढून आणलेल्या. शाकुंतलाचा सातवा अंक मी वर्गात किती वर्षे शिकविला आहे! दुष्यंत हरवलेली अंगठी पुन्हा पुढे करतो, तेव्हा शकुंतला ती घेत नाही. हिच्यावर आता माझा विश्वास नाही, तुम्हीच घाला, असे म्हणते. त्या ठिकाणी मी मुलींना सांगत असे की, हा तिचा स्वाभिमान. आता वाटते, त्यात स्वाभिमानाहूनही नेमके असे काही आहे. खूण म्हणून, साक्ष म्हणून तिला ती अंगठी नको होती. तिने एकदा ते ओझे अंगठीवर टाकून पाहिले होते आणि अंगठीला ते पेलले नव्हते.

मीही त्या कुड्यांवर तेच ओझे टाकले होते. पुढे सर्व बिघडले, तेव्हा तो पाडवाही खोटाच असला पाहिजे, असे मी धरून चालले होते, आणि लॉकरमध्ये मी खरोखर कोंडला होता तो पाडवा. पण त्या संध्याकाळी त्यांनी दिले ते मनापासून दिले होते, आणि मी घेतले ते मनापासून घेतले होते. त्या दिवसाचे खरेपण त्या दिवसापुरते पूर्ण होते. नंतरच्या वर्षांना त्यात भर घालता आली नाही, हे दुर्दैव. परंतु त्यातून वजाबाकी करण्याचाही अधिकार त्यांना नाही.

एकूण हिशेब आता असा आहे. मंगळसूत्राचे वेढणे झाले. त्याच्या आत सहा अक्षरा-अंकांची हॉलमार्कची खूण आहे. सोने किती शुद्ध हे तिच्यावरून कळते, कोणाचे हे कळत नाही. काळे मणी काकांनी पुडीत बांधून परत दिले. त्यांचे काय करावे हे न सुचल्यामुळे ते माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. एक पाटली साताऱ्यास, एक माझ्या हातात. एका हातात पाटली पाहून लोक विचारतात, मी सांगते की दुसरी आईंकडे आहे. आणि कोणत्या आईंकडे, हे सांगण्याच्या भरीस पडत नाही.

कुड्या मी कॉलेजात घालून जाते. मोत्यांना पाणी पुन्हा चढले आहे, असे सोनारकाका म्हणतात. मला तसा काही फरक दिसत नाही. पण त्यांची नजर जुनी आहे, आणि गिऱ्हाईकही.